पेडल काहीतरी सांगतंय, बॉस!

दोन सीट, छप्पर गायब, वय पन्नाशीच्या पुढे... अशी लालचुटूक गाडी दारात उभी असली की कुणाचंही मन हळवं होतं. पण मनाबरोबर ब्रेकचं पेडलही हळवं व्हायला लागलं तर? कॉव्हेंट्रीतल्या एका छोट्याशा गॅरेजमध्ये, हात काळे करत घालवलेल्या वीकएंडची ही गोष्ट.

आधीच कबूल करते, मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. किल्ली फिरवायची, गिअर टाकायचा आणि सिग्नलला शिव्या घालायच्या, एवढंच माझं ज्ञान. त्यामुळे इंग्लंडला आत्तेभावाकडे सुट्टीला गेले तेव्हा आपण तिथे ब्रेकचं पेडल दाबत बसू, असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

आमचा दादा कॉव्हेंट्रीत असतो. आयटीवाला. मंडे टू फ्रायडे लॅपटॉप आणि वीकएंडला एमजीबी! ही एमजीबी म्हणजे ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारमधली सगळ्यांची लाडकी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनत होती. रोडस्टर आणि जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. आपल्याकडे २०१९ पासून हेक्टरच्या नाकावर जो आठकोनी बिल्ला दिसतो ना, तोच हिच्याही नाकावर. दादाची गाडी १९७१ची. म्हणजे दादापेक्षा वयाने मोठी. तरी तो तिला ‘पोरगी’ म्हणतो आणि वहिनी तिला ‘सवत’!

मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला फिरायला नेलं. शनिवारची सकाळ, छान ऊन, वारा केसांत... एकदम सिनेमा! राउंडअबाउट आला. दादाने ब्रेक दाबला. गाडी थोडी मंदावली, पण थांबेना. त्याने झटकन पाय उचलून पुन्हा दाबला, तेव्हा ती थांबली. समोरच्या व्हॅनचा बंपर माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर असावा, निदान मला तरी तसं वाटलं.

‘‘काही नाही गं, जुन्या गाड्या अशाच असतात. दोनदा दाबायचं,’’ दादा म्हणाला.

मी हसले. पण घरी आत्या होती. डोंबिवलीहून तीन महिन्यांसाठी आलेली. आणि पुढच्या रविवारी तिला याच गाडीतून कॉट्‌सवोल्ड्‌सला न्यायचं दादाने कबूल केलं होतं. रस्ता मोरटन-इन-मार्शवरून, फिश हिलचा उतार उतरून ब्रॉडवे गावात. सरळ भाषेत सांगायचं तर घाट. आणि घाटात ‘दोनदा दाबायचं’?

कुणी विचारत नाही, हीच गंमत!

तुम्ही म्हणाल, इंग्लंडमध्ये तर नियम कडक असतात. गाडीची दर वर्षी एमओटी नावाची तपासणी होते, मग ही गाडी पास कशी झाली? तर मंडळी, ती तपासणीला गेलीच नव्हती. मे २०१८ पासून तिथे चाळीस वर्षांपेक्षा जुन्या, मोठे बदल न केलेल्या बहुतेक गाड्यांना एमओटीतून सूट आहे. मात्र गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची ठेवणं ही मालकाचीच जबाबदारी. धोकादायक गाडी चालवताना सापडलात तर अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन पॉइंट.

म्हणजे सरकार विचारत नाही. विचारायचं आपणच आपल्याला.

दादाने विचारलं नव्हतं असं नाही. पण चुकीचा प्रश्न विचारला होता. ‘पेडल खाली का जातंय’ असं विचारायच्या ऐवजी ‘कुठला पार्ट बदलू’ असं विचारलं. उत्तर मिळालं, मास्टर सिलिंडर. दोन महिन्यांपूर्वी नवाकोरा मास्टर सिलिंडर बसवला. हवा काढताना लिटरभर ब्रेक ऑइल वाया गेलं, बोनेटखालचा थोडा रंगही गेला (ब्रेक ऑइल रंग खातं, हे त्याला तेव्हा कळलं). आणि पेडल? जैसे थे!

‘‘ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं,’’ दादा नंतर म्हणाला. ‘‘रूट कॉज शोधला नाही आणि पॅच मारून मोकळा झालो.’’

आत चालतं तरी काय?

शेजारी एक आजोबा राहतात. सत्तरीपार. उभं आयुष्य गॅरेजमध्ये गेलेलं. चहाचा मग घेऊन आले आणि एका स्टुलावर बसले. मला म्हणाले, आधी समजून घे, मग पाना उचल.

तर कहाणी अशी. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइलला ढकलतो. द्रव पदार्थ दाबून आकसत नाही. निदान आपल्या पायाला जाणवेल इतका तरी नाहीच. त्यामुळे इथला दाब पाइपमधून जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत जातो. शाळेत पास्कलचा नियम घोकला होता, आठवतोय? तोच. हे तत्त्व गाडीच्या ब्रेकला लावणाऱ्यांपैकी एक माल्कम लॉकहीड नावाचा अमेरिकन. विमानांच्या लॉकहीड कंपनीतल्या ॲलन लॉकहीडचा हा भाऊ. १९२१च्या ड्युसेनबर्गवर चारही चाकांना असे ब्रेक आले. पुढे ब्रिटनमध्ये लॉकहीड नावाचे ब्रेक बनायचे ते कॉव्हेंट्रीच्या शेजारच्याच लेमिंग्टन स्पामध्ये. एमजीबीचे ब्रेक त्याच नावाचे. म्हणजे पोरगी माहेरच्या दारातच आजारी पडली होती!

एमजीबीच्या पुढच्या चाकांना डिस्क आहेत आणि मागच्यांना ड्रम. यातला फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. डिस्कमध्ये पॅड झिजले की दट्ट्या आपोआप थोडा पुढे सरकून बसतो, त्यामुळे पॅड आणि डिस्कमधली फट कायम केसाएवढीच राहते. ड्रममध्ये तसं नाही. आत दोन ब्रेक शू असतात. पेडल सोडलं की स्प्रिंग त्यांना मागे खेचतात. लायनर झिजत गेले की फट वाढत जाते. ती फट कमी करायला या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला एक ॲडजस्टर आहे, तो हाताने फिरवावा लागतो. कुणी फिरवलाच नाही, तर पेडलची अर्धी चाल ती फट भरण्यातच खर्च होते.

‘मऊ’ म्हणजे नेमकं कसं?

आजोबांचा दुसरा धडा. ‘ब्रेक मऊ लागतोय’ असं म्हणून चालत नाही. डॉक्टरकडे जाऊन ‘पोटात कसंतरी होतंय’ म्हणण्यासारखं आहे ते. दुखतंय, जळतंय की मळमळतंय? पेडलचंही तसंच. गाडी उभी करा, चाकांना अडण लावा आणि नुसतं दाबून बघा. चार तऱ्हा सापडतात.

पहिली, स्पंजासारखं. पाय टेकला की दबतं आणि पायाखाली उसळी मारतं. भरभर पंप मारला की वर येतं, पण स्प्रिंगसारखंच लागतं. संशयित नंबर एक, पाइपात हवा. हवा दबते, ऑइल दबत नाही. जुने रबरी होस फुगत असतील तरी असंच लागतं.

दुसरी, हळूहळू बुडणारं. पाय स्थिर धरून ठेवला तरी पेडल लिफ्टसारखं सावकाश खाली जातं. म्हणजे दाब कुठेतरी निसटतोय. एकतर ऑइल बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबरी सील ऑइल परत मागे सोडतंय. दुसऱ्या प्रकारात बाहेर थेंबही दिसत नाही.

तिसरी, पहिल्यांदा खोल, दुसऱ्यांदा एकदम वर आणि कडक. इथे हवेचा संबंध कमी. इथे फट जास्त. बहुतेक वेळा मागचे ड्रम ॲडजस्ट केलेले नसतात.

चौथी, एरवी छान, पण वळण घेतल्यावर पहिला ब्रेक खोल. पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं असेल तर वळणावर डिस्क हलते आणि पॅडना मागे ढकलते. मग पुढच्या ब्रेकला आधी ते अंतर भरून काढावं लागतं.

दादाच्या गाडीला सर्व्हो नाही, त्यामुळे मधे कुणी मदतनीस नाही. आत जे काही होतं ते थेट पायाला कळतं. पायाला मात्र ते ऐकायची सवय हवी.

माझी नोकरी : पेडल दाबणे

तपासाला सुरुवात झाली. दादा खाली, आजोबा स्टुलावर आणि ड्रायव्हर सीटवर अस्मादिक. ‘‘दाब... धरून ठेव... सोड.’’ मॅडम, सॉफ्टवेअर टेस्टिंगही याहून रंजक असतं! पण तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या पायाला खरंच कळायला लागलं. पहिल्यांदा पेडल खोल गेलं. लगेच पुन्हा दाबलं तर वर, आणि टणक. उसळी नाही. धरून ठेवलं तरी बुडत नाही. तऱ्हा नंबर तीन!

तरी आजोबांनी क्रम सोडला नाही. आधी फुकटच्या गोष्टी बघायच्या, मग खर्चाच्या. पायाखालचं कार्पेट उचललं, कारण मास्टर सिलिंडर मागून गळला की ऑइल पेडलवरून आत ओघळतं. कोरडं होतं. पेडल आणि मास्टर सिलिंडरचा दांडा जोडणारी पिन पाहिली. या गाड्यांमध्ये ती पिन आणि तिचं भोक दोन्ही झिजतात आणि पेडलची बरीच चाल तिथेच वाया जाते. थोडी झिजली होती, बदलायच्या यादीत गेली. मग मी पेडल दाबून धरलं आणि दादाने तिन्ही रबरी होस हातात धरून पाहिले. फुगत नव्हते.

पुढची टेस्ट मला फार आवडली. रबरी होस चिमटीत धरून बंद करणारा एक खास गुळगुळीत क्लॅम्प मिळतो. (पक्कड वापरायची नाही, होस आतून फाटतो. वरून स्टीलची जाळी असलेल्या होसला तर हा प्रयोगच करायचा नाही.) एकेक होस बंद करायचा आणि पेडल दाबायचं. ज्याला बंद केल्यावर पेडल कडक होईल, दोष त्याच्या पलीकडे. पुढचा उजवा बंद केला, फरक नाही. पुढचा डावा, फरक नाही. मग मागच्या दोन्ही चाकांना जाणारा एकुलता एक होस बंद केला आणि...

माझ्या पायाखाली पेडल दगड झालं! इंचभर गेलं आणि थांबलं. मी ओरडलेच. दादा गाडीखालून बाहेर आला आणि तोंड पाडून कोपऱ्यातल्या खोक्याकडे बघत बसला. त्या खोक्यात जुना मास्टर सिलिंडर होता. बिचारा निर्दोष!

आणि मग तो प्रश्न

मागची चाकं उचलली. डाव्या चाकाचा ॲडजस्टर पान्याने फिरला. कट, कट, कट. चाक जाम होईपर्यंत फिरवायचं आणि मग मोकळं फिरेल इतकंच मागे घ्यायचं. उजव्या चाकाचा मात्र हलेचना. गंजून बसलेला. किती वर्षं, कुणास ठाऊक.

आजोबांनी चहाचा घोट घेतला आणि सहज विचारलं, ‘‘ब्रेक ऑइल किती दिवसांनी टॉपअप करतोस?’’

दादा गप्प. मग म्हणाला, ‘‘महिन्या-दीड महिन्यातून एकदा. थोडंसंच.’’

आजोबांनी मग खाली ठेवला. ब्रेक ऑइल काही पेट्रोल नाही, जळून संपायला. बंद घरातलं ते पाणी आहे. पॅड झिजले की पातळी थोडीशी उतरते, तेही खूप हळू. महिन्या-महिन्याला भरावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय.

उजवा ड्रम काढला. (आतली धूळ फुंकायची किंवा हवेने उडवायची नाही बरं का! जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसायची.) वरवर सगळं ठीक दिसत होतं. आजोबांनी व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखाने हळूच उचलली. आतून ऑइलचा एक थेंब ओघळला. एवढासा.

एवढ्याशा थेंबाचं एवढं काय? सांगते. आजच्या गाड्यांत ब्रेकची दोन वेगळी सर्किट असतात. एक फुटलं तर दुसरं निम्मी का होईना गाडी थांबवतं. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. पण ब्रिटनमध्ये विकलेल्या या १९७१च्या एमजीबीला एकच सर्किट. एक मास्टर सिलिंडर, एक पाइपलाइन, चार चाकं. त्यातलं एक सील पूर्ण गेलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. उरतो फक्त केबलवर चालणारा हँडब्रेक.

गॅरेजमध्ये मिनिटभर कुणीच काही बोललं नाही. मला राउंडअबाउटवरची व्हॅन आठवली. दादाला बहुतेक फिश हिल आठवली असेल, कारण तो उठून घरात गेला आणि आत्याला म्हणाला, ‘‘आई, रविवारचं नक्की सांगत नाही हं.’’

लक्षात घ्या, पेडल खोल जात होतं ते फट वाढल्यामुळे. गळती अजून इतकी बारीक होती की पायाला जाणवत नव्हती. पण पेडलची तक्रार ऐकली म्हणून ड्रम उघडला आणि ड्रम उघडला म्हणून थेंब दिसला. ‘दोनदा दाबायचं’ म्हणत राहिलो असतो, तर तो थेंब आम्हाला त्याच्या सोयीने भेटला असता. बहुधा उतारावर.

हवा काढणे : एक सांघिक खेळ

पुढचं काम सोपं होतं, फक्त वेळखाऊ. मागच्या दोन्ही चाकांचे व्हील सिलिंडर आणि ब्रेक शू नवे. एका बाजूचेच बदलायचे नाहीत, नाहीतर गाडी ब्रेक मारल्यावर एकीकडे ओढते. गंजलेला ॲडजस्टर रात्रभर तेलात भिजवून सोडवला. तिन्ही होस वयामुळे बदलले, झिजलेली पिनही बदलली.

मग हवा काढायची. पुन्हा ‘‘दाब... धर... सोड.’’ मी दाबायचं, दादाने चाकाजवळचं निपल किंचित उघडायचं, नळीतून बुडबुडे आणि ऑइल बाटलीत, निपल बंद, मग मी सोडायचं. क्रम चुकला की हवा परत आत. साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण आपल्या गाडीचं मॅन्युअल बघावं. वरची टाकी मधेच रिकामी होऊ द्यायची नाही. आणि निपल नेहमी वरच्या टोकाला असायला हवं, कारण हवा वर जाते. पुढचे कॅलिपर डावे-उजवे अदलाबदल झाले तर निपल खाली जातं आणि मग दिवसभर पंप मारला तरी हवा निघत नाही.

आजोबांनी पेडलखाली एक लाकडी ठोकळाही ठेवायला लावला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये दट्ट्या रोज ठरावीक भागातच फिरतो. त्यापुढचा भाग गंजलेला, खरखरीत असू शकतो. हवा काढताना पेडल पार तळाला नेलं की सील त्या भागावर घासून फाटतं. म्हणजे एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं. दादाचा सिलिंडर नवा असला तरी सवय चांगली!

बुधवारी गाडी एमओटी स्टेशनवर गेली. सक्ती नसताना, स्वतःहून, पैसे भरून. रोलरवर चाकं फिरवून ब्रेकचा जोर मोजला. पास!

आणि रविवारी आत्या डोक्याला स्कार्फ बांधून, गॉगल लावून पुढच्या सीटवर बसली. वहिनी आणि मी मागून वहिनीच्या गाडीत. फिश हिल सुरू झाली तसा दादाने गिअर उतरवला. त्याच्या ब्रेकचे लाल दिवे मधूनमधून लागत होते आणि विझत होते. पायथ्याशी ब्रॉडवेच्या रस्त्यावर एका चहाच्या दुकानापाशी आत्याने हात वर केला. दिवे एकदाच लागले आणि गाडी थांबली.

‘‘काय गं, घाबरलीस का?’’ मी विचारलं.

‘‘घाबरायचं काय त्यात? ब्रेक आहेत ना,’’ आत्या म्हणाली आणि स्कार्फ सोडायला लागली.

दादा माझ्याकडे बघून नुसता हसला.

-----

आणि तुमच्या गाडीचं काय?

एमजीबी नसेल, पण पार्किंगमध्ये ईएमआयवाली हॅचबॅक तर आहे! मग हे वाचाच.

■ पेडल रोजच्यापेक्षा खोल जायला लागलं, बुडायला लागलं किंवा ब्रेकचा दिवा लागला तर गाडी तिथेच उभी करा. ‘शनिवारी दाखवू’ म्हणू नका.

■ आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात, पण ते साधं तेल नव्हे. इंजिन ऑइल चुकूनही टाकू नका, रबरी सील फुगून खराब होतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेला ग्रेडच भरा.

■ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ग्रेडच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही अट फक्त १५५ अंशांची आहे. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलून घ्या.

■ घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला की ऑइल तापतं, उकळतं, वाफ होते आणि पेडल अचानक मऊ पडतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

■ सर्व्हो असलेल्या गाडीत इंजिन सुरू करताना पेडल किंचित खाली जातं. ते नॉर्मल आहे, घाबरू नका.

■ ऑइल वारंवार कमी होत असेल तर नुसतं भरू नका. कुठे जातंय, ते शोधायला लावा.